तिसरं पेव

चैत्र पाडवा, सन १९३६

साल रामकिशननं वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात घालून दिलं आहे. मला तिथी कळते, साल कळत नाही. आता पुढची सालं मी त्याच्यात एकेक मिळवत जाईन.

वही त्यानं पुण्याहून आणली, रेघांची. म्हणाला, "आजी, ही पेवाची वही. पेवाजवळ काय झालं ते लिहायचं. पाऊस किती आला, तोंडाशी पाणी साचलं का, उंदरानं उकरलं का. जे दिसलं ते. तारीख चुकवायची न्हाई." मी म्हणलं, बाबा, मला कुठं लिहिता येतंय? तर म्हणतो, "तूच तर माझ्यासंगं शिकलीस." हे खरं आहे. तो सहा वर्षांचा असताना नरसीच्या शाळेत जायचा आणि घरी येऊन मला शाळा करायचा. मी चुलीपुढं बसून त्याच्या पाटीवर ग गिरवला. मास्तरनं त्याला मारलं की तो मला मारायचा, तुरीच्या काडीनं. त्या शाळेत मी तिसरीपर्यंत गेले. मग तो हिंगोलीला शिकायला गेला आणि माझी शाळा बंद पडली.

हे सगळं कशापायी, तर डॉक्टर व्हायला. दवाखान्याचा डॉक्टर नव्हे, हे मी गावात आतापर्यंत सतरा जणांना सांगितलं. ही कॉलेजाच्या वरची पदवी. कॉलेजात दुसऱ्याचं पुस्तक वाचून पास होतात. इथं आपणच पुस्तक लिहायचं आणि त्यातली गोष्ट आजवर कुणी सांगितलेली नसली पाहिजे. मग ते पुण्याचे मोठे सर वाचणार, विलायतेतला एक साहेब वाचणार, आणि दोघं हो म्हणाले की नावापुढं डॉक्टर. रामकिशनची गोष्ट पेवाची. जमिनीच्या पोटात ज्वारी एक साल ठेवली तर तिचं काय होतं, दोन साल ठेवली तर काय, तीन साल ठेवली तर काय. मी म्हणलं, हे तर कुणीबी सांगल. म्हणाला, "सांगल, पण मोजून कुणी सांगितलं न्हाई."

म्हणून आज घरामागच्या पांढरीत, गावठाणाच्या पांढऱ्या मातीत, तीन पेवं भरली. आतून कडब्याचं अस्तर, मग ज्वारी थेट गळ्यापर्यंत, वर कडबा, माती, आणि तोंडावर दगड शेणानं लिंपून. काम गुलाम नबीनं केलं. पेव खणावं, भरावं, उघडावं तर त्यानंच. रामकिशननं दगडांवर गेरूनं एक, दोन, तीन असे आकडे काढले. पहिलं पुढच्या चैत्रात उघडायचं, दुसरं त्याच्या पुढच्या, तिसरं त्याच्या पुढच्या. तोवर हात लावायचा नाही.

तातेराव, म्हणजे माझा लेक, सगळं उभ्यानं पाहत होता. शेवटी म्हणाला, "रामकिशन, तीन सुग्या दिल्या तुला. चवथ्या सुगीला औत धरायचं. पदवी घेऊन ये का तसाच ये." एकुलतं एक पोरगं, त्याचं तरी काय चुकलं? रामकिशन म्हणाला, "व्हय, आबा. तीन साल बराबर."

आज पुरणपोळी केली. सुनेची एक पोळी फुटली. हे पेवाचं नाही, पण लिहिलं.

आषाढ वद्य तीज, १९३६

रात्रीपासून पाऊस. तीन नंबरच्या दगडाशी ओंजळभर पाणी साचलं होतं, मी चर काढून दिला. मुंग्या एक नंबरकडून दोन नंबरकडं गेल्या, अंडी घेऊन. काय घाई होती त्यांना! सूनबाई म्हणते, सासूबाई दिसभर दगडापाशी बसतात, घरात काम करायला मी एकटी. आता हे पदवीचं काम आहे हे तिला कोण सांगणार? तिचाच लेक.

चैत्र शुद्ध पंचमी, १९३७

पहिलं पेव उघडलं. गुलाम नबीनं सकाळी दगड सरकवला आणि कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पेवातली हवा वाईट, माणूस उतरला की बसल्याजागी जातो. दोरीनं दिवा सोडला, विझला. उन्हं वर आल्यावर पुन्हा सोडला, तेवत राहिला. तेव्हा कुठं रामकिशन उतरला, ज्वारी पोत्यांत भरून वर देत देत तळापर्यंत गेला. माझा जीव त्या दोरीला लटकला होता. वरची, मधली, खालची अशी तीन पिशव्या ज्वारी घेऊन वर आला, डोक्यात कडब्याचा भुसा.

मग त्यानं ओट्यावर जे काम मांडलं, ते मी कधी पाहिलं नव्हतं. सोनाराच्या तराजूएवढा तराजू. एकेक दाणा भिंगातून पाहतो. एका पायलीतले किडे चिमट्यानं उचलून मोजले, एकशे बेचाळीस. नाकावर माशी बसली तरी हात हलला नाही. माझा नवरा माणूस कामाचा होता, पण अर्धी भाकर खाईपर्यंत त्याला धीर नसायचा. ह्या लेकरानं हा धीर कुठून आणला? पारुबाई, तांड्यावरची माझी मैत्रीण, दूध घालायला आली आणि घागर डोक्यावर तशीच ठेवून पाहत उभी राहिली. म्हणाली, "गोजराबाई, तुमचा नातू किड्यांची शिरगणती करून राहिला का?" मी म्हणलं, व्हय, तुझीबी करल, उभी राहा.

शेवटी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. तीन दिवसांनी किती फुटले ते मोजायचं.

चैत्र शुद्ध अष्टमी, १९३७

वरच्या थरातल्या शंभरांपैकी अठ्ठावन्नांना कोंब आले. रामकिशननं वहीत लिहिलं, अठ्ठावन्न. शाळेत त्याला गणितात शंभरात ब्याण्णव पडले होते. अठ्ठावन्न म्हणजे पास तर आहे. पण एवढ्या मेहनतीला अठ्ठावन्नच?

मी त्याला काही बोलले नाही. पहिलंच साल आहे.

दिवाळीचा पाडवा, १९३७

रामकिशन चार दिवस येऊन गेला. लोक विचारतात, झालं का रे? कधी होतंय? पारुबाईनं तर तोंडावर विचारलं, "इतक्या दिसात म्हैस दोनदा व्याली असती." रामकिशन हसून म्हणाला, "पारुमावशी, म्हशीला एकच रेडकू देऊन चालतं. मला ते कोणत्या दिशी अन कसं झालं तेबी लिहून द्यावं लागतं." सगळे हसले, तातेराव हसला नाही. त्यानं रामकिशनचा हात हातात घेऊन तळवा पाहिला. औताचा घट्टा नाही म्हणून पाहिला असंल.

दोन सुग्या गेल्यागत आहेत.

चैत्र वद्य प्रतिपदा, १९३८

दुसरं पेव चार दिवसांमागं उघडलं. आज फडकं सोडलं. वरच्या थरातले एकवीस.

शंभरात एकवीस. मला ठाऊक आहे तेहेतीस लागतात. खालच्या आळीचा पोरगा तीसवर नापास झाला तेव्हा त्याची आई माझ्यापाशीच रडली होती. रामकिशननं आकडा लिहिला, वही मिटली आणि शीळ घालत नदीवर आंघोळीला गेला. लेकरू दुःख गिळतंय. घरच्यांना कळू नये म्हणून शीळ घालतंय. 

वैशाख शुद्ध दशमी, १९३८

रामकिशन पुण्याला आहे. तातेराव हळद घेऊन हिंगोलीच्या बाजारात गेला, उद्या येईल. सून माहेरी. हाच दिवस मी धरून ठेवला होता.

बियाची ज्वारी मी दर साली गाडग्यात ठेवते. राख कालवून, वर कडुनिंबाचा पाला, तोंड लिंपून. माझ्या सासूनं शिकवलं. माझं बी उगवलं नाही असं एक साल झालेलं नाही. मी मनात म्हणलं, तिसऱ्या पेवात ती घातली तर? अंगात ताप असला तर परीक्षेच्या दिवशी पोराला काढा देतोच की नाही आपण?

गुलाम नबीला बोलावलं. तो दगडाला हात लावीना.

"काकी, रामकिशन साहेबांनी सांगितलंय, तीन साल नक्को उघडू."

"साहेब कोण? लंगोटीत होता तवापासून पाहते मी त्याला. पेव माझं, ज्वारी माझी, नातू माझा."

"सब तुमचं. मग गुन्हा तेवढा माझा काहून?"

"गुन्हा न्हाई रे. पोरगं नापास होऊन राहिलं. तू त्याला खांद्यावर घेऊन नरसीच्या जत्रेला नेलं होतंस का न्हाई?"

तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला आणि दगड सरकवला. दिवा सोडला, विझला. दुपारी तेवला. वरची ज्वारी हातालाच लागते, उतरावं लागत नाही. वरची चार पायल्या काढली. तिला आंबूस वास होता, काही दाणे काळे. त्या जागी माझी बियाची चार पायल्या, राख पाखडून, हातभर खोल कालवली. रामकिशन वरची पिशवी तिथूनच भरतो, मी दोनदा पाहिलं आहे. मधली आणि खालची पोचण्यासारखी नव्हती, ती देवावर. मग कडबा, माती, दगड, शेण. गेरूनं तीनचा आकडा मीच पुन्हा काढला. रामकिशनच्या हातचा तीन जास्त चांगला होता.

काढलेली ज्वारी कोंबड्यांना टाकली. त्यातले शंभर दाणे मात्र मीपण फडक्यात बांधले, त्याच्यासारखे. आपल्याला जमतं का पाहावं म्हणून.

वैशाख शुद्ध त्रयोदशी, १९३८

माझ्या फडक्यात सतरा. बरं केलं काढली ते.

ही चोरी होते का, हा विचार सारखा येतो. चोरी दुसऱ्याचं घेतल्यावर होते. मी तर दिलं आहे.

चैत्र शुद्ध द्वादशी, १९३९

चौऱ्याऐंशी!

रामकिशननं फडकं सोडलं, मोजलं, पुन्हा मोजलं. मग त्याच पिशवीतले दुसरे शंभर घेतलेले होते, ते मोजले. त्र्याऐंशी. मधल्या थरातले अकराच आले, पण वरचे चौऱ्याऐंशी! तो माझ्याकडं पाहून म्हणाला, "आजी, हे कसं झालं? वरचा थर सगळ्यात आधी बिघडतो." मी म्हणलं, नामदेवाची कृपा. तो जेवायला उठला नाही. भिंत पाहत बसला, मग उठून दगड पाहिला, मग पेवात पुन्हा उतरला. आनंदानं माणूस असाच बावरतो.

मी देवापुढं साखर ठेवली. तातेराव म्हणाला, "झालं मग आता?" रामकिशन म्हणाला, "आता लिहायचं आबा. पावसाळ्यात लिहून देतो. तीन साल बराबर झाले."

जाताना त्यानं ही वही मागितली. पण हिच्यात सुनेची पोळी फुटली तेपण आहे आणि काय काय आहे. म्हणून पावसाच्या तारखा तेवढ्या कोऱ्या कागदावर उतरवून दिल्या. म्हणाला, तुझं अक्षर सुधारलं.

आषाढ शुद्ध नवमी, १९३९

पुण्याहून रामकिशनचं पत्र आलं. तातेरावनं मोठ्यानं वाचलं, मग मी माझं माझं वाचलं, एकेक अक्षर लावून.

"मोठे सर म्हणतात, असा आकडा आजवर कुठल्या पुस्तकात नाही. दोन वेळा विचारलं, पेव मधे उघडलं नव्हतं ना? मी सांगितलं, माझी आजी राखणीला होती. सर म्हणाले, मग प्रश्नच नाही."

हे वाचून माझी छाती फुगली. पुढं लिहिलं आहे की पदवीच्या आधीच शेतकऱ्यांसाठी मराठीत एक पत्रक छापायचं ठरलं आहे. पेवाच्या तोंडाकडची ज्वारी तीन सालांनीही बियाण्याला चालते, गाडगी-मडकी लागत नाहीत, असं त्यात येणार. श्रावणात छापून गावोगाव वाटणार.

तातेराव म्हणाला, "माय, तुझ्या नातवाचं ऐकून मुलुख पेरणी करणार."

मी भाकर थापत होते. हात तिथंच राहिला.

आषाढ शुद्ध एकादशी, १९३९

दोन दिवस लिहिलं नाही. आज उपास.

मी नवी नवरी असताना एका साली उंदरांनी बियाचं गाडगं फोडलं. सासरा म्हणाला, पेवातली पेरा, ज्वारी ती ज्वारी. सासू नको नको म्हणत होती. आठ दिवस आम्ही रोज बांधावर जाऊन पाहायचो. रान काळंच. हिरवी रेघ उठली नाही. त्या साली आम्ही कनेरगावापलीकडं, वऱ्हाडात, लोकांच्या रानात कापूस वेचायला गेलो. पेवातली ज्वारी खायची, पेरायची नाही, हे इथल्या बायांना मी शिकवते. मी!

आणि आता माझ्या चार पायल्यांच्या भरवशावर किती लोक पेरणार?

सांगितलं तर रामकिशनचं पुस्तक गेलं. सुग्या संपल्या. तातेराव त्याला औताला जुंपेल आणि त्याचं बोलणं चुकीचंही नाही, कबूल केलं होतं. तीन सालं त्यानं किडे मोजले, पेवात जीव घालून उतरला, आणि आजीनंच. नाही सांगितलं तर तो डॉक्टर होतो.

पारुबाई दूध घालून गेली. म्हणाली, "काहून इतकी सुकली?" मी म्हणलं, दात दुखतो.

आषाढ वद्य द्वितीया, १९३९

कार्ड लिहिलं. जन्मातलं पहिलं. तीन कार्डं खराब झाली.

"चिरंजीव रामकिशन यास आजीचा आशीर्वाद. तिसरं पेव मी उघडलं होतं. वरची चार पायल्या माझ्या गाडग्यातली आहे. तुला मार्क कमी पडत होते म्हणून. पत्रक छापू नको. लोकांची रानं काळी राहतील. माझ्यावर राग धर, जेवण सोडू नको."

गुलाम नबी हिंगोलीला निघाला होता, त्याच्याजवळ दिलं. कार्ड उघडं असतं, त्यानं विचारलं काय लिहिलं. वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काकी, ह्याच्यात मेरा नाम तर न्हाई ना?" मी म्हणलं, न्हाई. चार पावलं गेला आणि परत आला. म्हणाला, "घालून टाका. दगड तुमच्यानं सरकला असं कोण मानंल?"

म्हणून कोपऱ्यात लिहिलं, गुलाम नबी संगं होता, त्याचा दोष नाही.

श्रावण शुद्ध षष्ठी, १९३९

रामकिशन आला. हिंगोलीच्या स्टेशनवरून चालत, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलात. मी दारात उभी होते. वाटलं पाया पडणार नाही. पडला.

म्हणाला, "पत्रक थांबवलं, आजी. कार्ड आलं तवा चार दिस राहिले होते छापायला." मग म्हणाला, "वही दे."

ओट्यावर बसून त्यानं पहिल्या पानापासून वाचली. मी खांबाआड. पोळी फुटली तिथं हसला. मुंग्यांच्या पानावर बोट ठेवून परत वाचलं. वैशाखाच्या पानावर आला तेव्हा सरळ होऊन बसला.  मग एकदम ओरडला, "आजी! हे सतरा तू मोजले?"

मी म्हणलं, व्हय, पण चुकून. आपल्याला जमतं का पाहायला.

"दुसऱ्या पेवाचे एकवीस, ह्याचे दोन सालाला सतरा. जुळून राहिलं ना! तू तारीख लिहिली, वास लिहिला, किती खोल ते लिहिलं." आणि मग माझ्याकडं पाहून हळू म्हणाला, "पण उघडलं काहून?"

मी सांगितलं. एकवीसला नापास, तेहेतीस लागतात, तू शीळ घातली म्हणून. त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं रडतो, तर हसत होता. डोळ्याला पाणीपण होतं, दोन्ही होतं. म्हणाला, "आजी, एकवीस म्हणजे मी नापास न्हाई. एकवीस म्हणजे एकवीस. मला वाटलं होतं तसंच उतरलं म्हणून मी शीळ घालत होतो."

एवढं सोपं होतं. आणि मी तीन सालं त्याच्याशेजारी बसले होते.

श्रावण शुद्ध दशमी, १९३९

सर त्याला म्हणाले आहेत की तिसरं पेव वगळ, दोन पेवांवर लिही, एखाद्या वेळी पदवी मिळेल. रामकिशन म्हणतो, मी तीन सालांचं विचारलं होतं, दोन सालांचं उत्तर कसं देऊ? नवी ज्वारी माघात येणार, चैत्रात पेव भरायचं, आणि उघडायचं त्रेचाळीसला.

त्रेचाळीस! हे त्यानं तातेरावपुढं सांगितलं. मी मधे बोलणार होते की दोष माझा आहे, पण तातेरावनं हात वर केला.

"तीन सुग्यांचं बोललो होतो."

"व्हय, आबा. झाल्या. मी शब्द मोडत न्हाई. आलो, उद्यापासून औत धरतो."

"अन पुस्तक?"

"पेव आपल्याच पांढरीत हाये. त्याला पुण्यात बसून थोडंच राखायचंय? लिहिणं इथंबी होईल. सरांनी मुदत वाढवून द्यायचं कबूल केलंय."

तातेराव उठून बैलांना वैरण टाकायला गोठ्यात गेला. हे परवाचं. आज जेवताना एकदम मला म्हणाला, "माय, तीन पेवं उघडली, तवा पोरानं एकट्यानं उचललेली पोती पाहिलीस ना? खालच्या थराला उतरतो तवा मला बघवत न्हाई. तरी उतरतो." आणि भाकर मोडत बसला. एवढंच. पण मी त्याची आई आहे. एवढं तो लग्नातपण बोलला नव्हता.

चैत्र शुद्ध तृतीया, १९४०

पेव भरलं. ह्या वेळी तीनचा आकडा तातेरावनं काढला, वाकडा. गुलाम नबी लिंपून झाल्यावर हात जोडून मला म्हणाला, "काकी, आता मला बोलवू नक्को."

मग तातेरावनं घरातली बाज उचलून आणली आणि दगडावर आडवी टाकली.

"हे काय?" मी म्हणलं.

"दुपारचा मी इथं पडत जाईन. तीन साल." आणि तोंडावर उपरणं घेऊन खरंच झोपला. सून पदरात हसत होती. हसू दे. पोळ्या आता बऱ्या करते.

भाद्रपद, १९४१

तीन नंबरपाशी पाणी नाही, मुंग्या नाहीत, उंदीर नाही. बाज आहे. रामकिशन सकाळी औतावर, दुपारी ओट्यावर लिहितो. हाताला घट्टे पडले आहेत, टाक धरायला त्रास होतो म्हणतो. मी तेल लावून दिलं. पेवाकडं पाहिलंसुद्धा नाही.

चैत्र शुद्ध सप्तमी, १९४३

आज वरच्या थराचं फडकं सोडायचा दिवस. रामकिशननं पाट मांडला आणि म्हणाला, "आजी, मोज."

मी म्हणलं, डोळे गेले माझे. तर भिंग हातात दिलं. तातेराव, सून, पारुबाई, गुलाम नबी सगळे वाकून. दाणे काळेनिळे, ओले, गप्प. मी एकेक दाणा बोटानं सरकवत गेले. एक कोंब सापडला, केसाएवढा. मग लांबवर काही नाही. मग दुसरा. तिसरा. अठ्ठ्याण्णवाव्या दाण्याला चौथा. पुन्हा मोजले. चार.

"चार," मी म्हणलं.

रामकिशननं लिहिलं, चार. शेजारी लिहिलं, मोजणार गोजराबाई. हे पुस्तकात राहणार म्हणाला, विलायतेच्या साहेबालापण वाचावं लागणार. लढाई चालू आहे, जहाजं बुडतात, म्हणून पुस्तक पोचायला आणि उत्तर यायला साल-दोन साल लागतील. म्हणजे छत्तीसात तीन सालांचं बोलून त्याला नऊ लागणार. तातेराव म्हणाला, "लागू दे. पेव पुन्हा भरायचं का?" आणि बाजेकडं पाहिलं. त्याला सवय झाली आहे.

साखर बाजारात मिळत नाही, मी गूळ फोडून वाटायला घेतला. पारुबाई म्हणाली, "शंभरात चार, अन गूळ वाटून राहिली? येडी झाली का, गोजराबाई?"

मी तिच्या हातावर मोठा खडा ठेवला. म्हणलं, खा गुमान. चार हायेत, पण चारी पेवाचे. माझा एकबी न्हाई.